नानांची तपासणी

आमच्या शेजारचे नाना मोबाइलवरच्या समुपदेशकांना 'नमस्कार'सुद्धा पुरा करू देत नाहीत. पडद्यावर चेहरा दिसला की यांचा पहिला प्रश्न, "शिक्षण काय? नोंदणी हाय?"

नाना रोह्यातल्या एका कंपनीत सुरक्षा तपासनीस होते. हेल्मेट नाही म्हणून सख्ख्या मेव्हण्याला गेटवरून परत पाठवलेला माणूस. ऑनलाइन समुपदेशनात पहिलं सत्र बऱ्याचदा फुकट असतं. नाना ते घेतात आणि समोरच्याचीच तपासणी करतात. "मी बोललो ते कुणाकुणाला कळणार? माणूस जिवाचं बरंवाईट करायला निघाला, तर तुम्ही काय करणार?"

एकाने दोन दिवसांचा कोर्स केला होता. "दोन दिवसांत आमच्याकडं आग विझवायलापण शिकवत नाय," म्हणून नानांनी फोन ठेवला. दुसरा रिक्षात बसून बोलत होता. त्याला म्हणाले, "रिक्षावाल्याचा सल्ला वेगळा घ्यायचा, का याच्यातच?"

फोन लावून द्यायला मी असते. एकदा वैतागून विचारलं, "नाना, कशासाठी हा उद्योग?"

त्यांनी कपाटातून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मोबाइल काढला. काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. दर गुरुवारी, नाना बाजारात गेले की, काकू कुठल्याशा समुपदेशकाशी तासभर बोलायच्या. मोबाइलमध्ये त्या कॉलच्या नोंदी होत्या, समोरच्याचं नाव नव्हतं.

"एवढी वर्षं एका घरात, पण मला एक शब्द नाय गो. कुणा भोंदूच्या हाती लागली नव्हती ना, एवढंच बघतोय."

गेल्या महिन्यात पेणच्या एक बाई भेटल्या. शिक्षण, नोंदणी, सगळी उत्तरं चोख. नाना खूश. मग हळूच त्यांनी काकूंचं नाव घेतलं. "तुमच्याशीच बोलायची का ती? काय बोलायची?"

बाई म्हणाल्या, "काका, माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हेही मी सांगू शकत नाही. माणूस गेल्यावरसुद्धा नाही." डोळे मात्र भरले होते. ते नानांनीही पाहिलं, मीही.

"बरोबर हाय," नाना म्हणाले. "नियम बरोबर हाय."

फोन बंद झाला. नाना ओटीवर येऊन बसले.

"चांगली बाई भेटली व्हती तिला." मग विचारलं, "माझी तक्रार करत असंल का गो?"

"नाय हो नाना."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी अजून काही सांगेन म्हणून.