आठ पथकांना गेलेला शेरा

"अकरा वर्षं! अकरा वर्षांत आपल्या स्पर्धेत एक काडी इकडची तिकडे झालेली नाही. यंदाही होणार नाही. मी आहे ना!"

समितीच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सेक्रेटरी हे बोलले, तेव्हा टेबलावरचे पेलेसुद्धा दचकले. पोटासाठी त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, पण जीव सगळा ड्रम समितीत. चालता चालता ड्रम वाजवणाऱ्या पथकांना शिकवायचं आणि वर्षातून एकदा त्यांची स्पर्धा भरवायची, एवढंच समितीचं काम. पगार कुणालाच नाही. मान मात्र होता, आणि तो अकरा वर्षं सगळाच्या सगळा सेक्रेटरींकडे होता.

मग सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाई आल्या.

त्या जनावरांच्या डॉक्टर. कुत्र्यामांजरांना इंजेक्शनं देणाऱ्या बाईला ड्रमचं काय कळणार, असं सेक्रेटरींना वाटलं होतं. पण बाई लहानपणी पथकात वाजवत होत्या. आल्या आल्या म्हणाल्या, "शिकाऊ लोकांचा वर्ग मी घेते."

आता हा वर्ग म्हणजे सेक्रेटरींचं राखीव कुरण. दरवर्षी ते तो सुरू करायचे. पहिल्या रविवारी वीस माणसं यायची. सेक्रेटरी त्यांना काठी कशी धरावी यावर दीड तास व्याख्यान द्यायचे. दुसऱ्या रविवारी नऊजण. तिसऱ्या रविवारी सेक्रेटरी, ड्रम आणि वॉचमन.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी कुणाच्या हातात काठीच दिली नाही. "आधी नुसतं चाला," म्हणाल्या. "पाय बोलायला लागले की हात आपोआप ऐकतात." माणसं तासभर हसत हसत मैदानात चालली आणि पुढच्या रविवारी शेजारपाजारच्यांना घेऊन आली! सव्वीस! वर चारजण यादीत ताटकळत!

"नवलाई आहे," सेक्रेटरी घरी म्हणाले. "महिनाभरात ओसरेल."

"नाही ओसरणार," बायको म्हणाली. "मीही जाते तिथे. मोठा ड्रम दिलाय मला."

सेक्रेटरींचा घास हातातच राहिला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यातली अकरा घरात ड्रमशिवाय दुसरा विषय नाही, आणि या बाईने कधी काठीला बोटसुद्धा लावलं नव्हतं!

"तू? ड्रम? मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलंत? त्यांनी विचारलं."

त्या दिवसापासून सेक्रेटरींच्या पोटात जो जाळ पेटला, तो काही विझेना. दुकानात कुणी 'डॉक्टर' म्हटलं तरी त्यांच्या हातातली काच निसटायची.

स्पर्धेची कामं वाटताना त्यांनी बाईंना मागचं फाटक दिलं. पथकांचे ट्रक आत घ्यायचे आणि रांगेत लावायचे. व्यासपीठापासून सगळ्यात लांब जागा ती! बाई म्हणाल्या, "वा, छान!" त्याचाही सेक्रेटरींना राग आला. तेवढ्यात निरोप आला, की तीन परीक्षकांपैकी निवृत्त बँडमास्तरांची कंबर धरली आहे. त्यांच्या जागी कोण? अध्यक्षांनी डॉक्टरीणबाईंकडे नुसतं पाहिलं, तोच सेक्रेटरी उभे!

"मी करतो!"

परीक्षकाने पथकाबरोबर चालत राहायचं आणि कॉलरला लावलेल्या माइकमध्ये जे दिसेल, जे ऐकू येईल ते बोलत जायचं, अशी पद्धत. ते बोलणं खिशातल्या यंत्रात भरतं. पथक आलं की एक बटण दाबून नवं रेकॉर्डिंग सुरू करायचं, गेलं की दुसरं दाबून ते बंद करायचं. संध्याकाळी ज्या त्या पथकाला ज्याचे त्याचे शेरे जातात, म्हणजे चुका कळतात. ते पाठवायचं काम मेहुण्याकडे होतं. सेक्रेटरींच्या बायकोचा हा धाकटा भाऊ हातात वेळेचं घड्याळ घेऊन दिवसभर त्यांच्या मागे होता.

रविवारी पहिला ट्रक आला आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांत काहीतरी खुपलं. फाटकात डॉक्टरीणबाई डोक्यावर लालभडक टोपी घालून दोन्ही हातांनी ट्रकला खुणा करत होत्या. ट्रकमधून उतरणारं प्रत्येक पथक आधी त्यांच्याभोवती गोळा होत होतं, हसत होतं, हात मिळवत होतं. पाहुणे यावेत मांडवात आणि गप्पा मारत बसावेत स्वयंपाकघरात, तसा प्रकार!

मैदानात नर्सेसचं पथक आलं. सेक्रेटरींनी बटण दाबलं. ते पथकाबरोबर चालत होते खरे, पण मान फाटकाकडे. "ठीक... ठीक... चालू द्या... ठीक," एवढंच ते माइकमध्ये बोलले. पथक गेलं. बंद करायचं बटण दाबायचं राहूनच गेलं, आणि सेक्रेटरी मेहुण्याकडे वळले.

"बघ, बघ कशी हसतेय! नुसते दात दाखवून ठेका जमतो होय? सहा महिने नाही झाले आली त्याला, आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलीय! उद्यापासून घरी बसवा, काही अडणार नाही!"

"भावोजी, पुढचं पथक," मेहुणा म्हणाला.

पुढचं पथक अग्निशमन दलाचं. ते गेल्यावर पुन्हा तेच. "जनावरांत आयुष्य गेलं, तालाचं काय कळणार! माणसांत यायचं तर जरा शिकून तरी यावं!"

मुलींच्या शाळेचं पथक गेल्यावर तर कहर झाला. "ती लाल टोपी आधी काढ म्हणावं! सकाळपासून डोळ्यांत खुपतेय! इथे विमान उतरवायचंय का?"

आठ पथकं झाली. आठ वेळा सेक्रेटरींनी मन मोकळं केलं. शेवटी स्पर्धेबाहेरचं, बिनगुणांचं शिकाऊ पथक आलं, आणि त्यात पुढच्या ओळीत, पोटावर भला मोठा ड्रम बांधून, मान ताठ ठेवून त्यांची बायको चालत आली. त्या सहा मिनिटांत सेक्रेटरी काय बोलले, ते नंतर त्यांना स्वतःलाही आठवेना. मेहुण्याने त्यांच्या खिशातून यंत्र काढून घेतलं, तेव्हा ते नुसते उभे होते.

सोमवारी दुकान उघडतंय न उघडतंय, तोच फोन आला. नर्सेसच्या मेट्रनबाई.

"सेक्रेटरी, तुमचे शेरे ऐकले. कडक बोललात, पण आम्ही मनावर घेतलंय!"

सेक्रेटरींची छाती फुगली. परीक्षक म्हणून ही पहिलीच पावती! "बोलावं लागतं हो कधीकधी."

"त्या मुलीला कालच घरी बसवलं."

"कुठल्या मुलीला?"

"झांजवाली. नवीन आलेली, सहा महिने झाले. हसरी आहे जरा. फार रडली बिचारी, झांजा माझ्या टेबलावर ठेवून गेली. पण तुम्ही म्हणालात काही अडणार नाही, म्हणजे नसेल अडत!"

फोन ठेवला तरी सेक्रेटरींना अर्थ लागेना. तेवढ्यात दारातून एक खोकं आत आलं, आणि खोक्यामागून मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई.

"बत्तीस टोप्या!" खोकं काउंटरवर आपटून बाई म्हणाल्या. "सगळ्या उतरवल्या. पोरी तोंड फुगवून बसल्यात. पण तुमचा धंदा डोळ्यांचा, तुम्ही खुपतंय म्हणता म्हणजे त्यात काहीतरी असणार. आता एवढं सांगा, डोळ्यांना कुठला रंग बरा? निळा शिवायला टाकू?"

खोक्यात टोप्या होत्या. लाल. सेक्रेटरींनी खोक्याचं झाकण घाईघाईने लावून टाकलं.

"थांबा! काही शिवू नका! मी कळवतो!"

त्या जातात तोच अग्निशमन दलाच्या प्रमुखांचा फोन.

"आम्ही जनावरं?"

"अहो, नाही, नाही..."

"वीस वर्षं लोकांना आगीतून काढतोय. दोन पावलं चुकली असतील. पण जनावरं? माझी माणसं काल जेवली नाहीत, साहेब!"

सेक्रेटरींनी दुकानाला कुलूप ठोकलं आणि मेहुण्याला गाठलं. मेहुण्याने नर्सेसचं रेकॉर्डिंग लावलं. ठीक, ठीक, चालू द्या, ठीक. आणि मग पुढचं सगळं, अगदी स्वच्छ, शब्द न् शब्द!

"भावोजी, तुम्ही बटण बंदच केलं नाहीत."

"आणि तू न ऐकता पाठवलंस?"

"दिवसभर तुमच्या शेजारी उभं राहून ऐकलंच होतं की! पुन्हा कशाला ऐकू?"

आता काय करायचं? नर्सेसना सांगायचं की ते तुमच्याबद्दल नव्हतं, तर मग कुणाबद्दल होतं हेही सांगायला हवं. नाही सांगायचं, तर एक पोरगी झांजा सोडून घरी, एक अख्खं दल उपाशी आणि बत्तीस मुली बोडक्या! सेक्रेटरी खुर्चीत मटकन बसले. तेवढ्यात पुन्हा फोन. डॉक्टरीणबाई! मागे दोन-तीन कुत्री जिवाच्या आकांताने भुंकत होती.

"सेक्रेटरी, तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं!"

सेक्रेटरी खुर्चीतून ताडकन उठले.

"मला तुमच्याशी बोलायचंय..." भूं भूं भूं! "...असं आजवर कुणी..." भूं! "...दवाखान्यात या, आत्ताच!"

दवाखान्यातल्या बाकावर सेक्रेटरी पिंजऱ्यातला पोपट आणि पायाला पट्टी बांधलेला बोकोबा यांच्यामध्ये बसले. पोपट त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत होता. त्यालाही कळलं असावं. आत बोलावणं आलं. बाई टेबलावर एका सशाची नखं कापत होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत सेक्रेटरी सुरू झाले.

"बाई, चुकलो! हसण्याबद्दल बोललो ते चुकलं. जनावरांत आयुष्य गेलं म्हणालो, तेही चुकलं. टोपीचंही. तुम्हाला फाटकावर मीच मुद्दाम उभं केलं, लांब असावं म्हणून. परीक्षक तुम्ही होऊ नये म्हणून उडी मारली. तुमच्या वर्गाला सव्वीस माणसं आली तेव्हा मला दोन रात्री झोप लागली नाही. आणि माझी बायको... तिला तुम्ही एकदा विचारलंत आणि ती आली! मी अकरा वर्षं नुसता तिला सांगत राहिलो हो, विचारलं कधीच नाही!"

बाईंची कात्री सशाच्या नखावरच थांबली. ससासुद्धा हलला नाही.

"हे कशात होतं?" बाईंनी विचारलं.

"कशात म्हणजे? रेकॉर्डिंगमध्ये! तुम्ही ऐकलंत ना?"

"मी आमचंच ऐकलं. शिकाऊ पथकाचं. दुसऱ्यांचं मला कशाला येईल?"

त्यांनी खिशातून फोन काढून रेकॉर्डिंग लावलं. ड्रम वाजत होते, पावलं पडत होती. परीक्षक गप्प. एक मिनिट, दोन मिनिटं, चार. आणि पाचव्या मिनिटाला सेक्रेटरींचाच आवाज, पण त्यांनी स्वतः कधी न ऐकलेला. "वा..." मग नाक ओढल्याचा आवाज. आणि अगदी हळू, "अगं, वा!"

"माझ्या सव्वीस माणसांनी हे काल कितीदा ऐकलं, विचारू नका," बाई म्हणाल्या. "आजवर कुणी आम्हाला असं म्हटलं नव्हतं, एवढंच सांगायला बोलावलं होतं."

सेक्रेटरींना वाटलं, सशाच्या पिंजऱ्यात शिरावं आणि आतून कडी लावावी.

मग त्यांनी घरी बसलेली झांजवाली, उपाशी दल आणि बत्तीस टोप्या, हेही सांगून टाकलं. बाई दुखावल्या होत्या, ते दिसत होतं. मग त्यांनी हात धुतले, डोक्यावर ती लाल टोपी चढवली आणि गाडीची किल्ली उचलली. "चला. त्या झांजवालीकडे आधी. तुम्ही सांगायचं, मी शेजारी उभी राहणार."

आणि तसंच झालं! सगळ्या पथकांसमोर सेक्रेटरींनी म्हणून दाखवलं, "तो शेरा तुमच्याबद्दल नव्हता, यांच्याबद्दल होता," आणि प्रत्येक वेळी 'यांनी' शेजारून मान डोलावली. सुरुवात नर्सेसपासून झाली. झांजवालीला बोलावून आणलं होतं. डोळे सुजलेले, तोंडावर हसू नावालाही नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग मी कशी वाजवली?" तिने विचारलं.

सेक्रेटरी घुटमळले. खोटं बोलायची ताकद आता उरली नव्हती. "मी पाहिलंच नाही गं. पुन्हा वाजवशील?"

मेट्रनबाईंनी पथक जमवलं. इस्पितळाच्या मागच्या अंगणात पथक पुन्हा चाललं, पुन्हा वाजलं. या वेळी सेक्रेटरींची मान कुठेही वळली नाही. त्यांनी वहीची दोन पानं भरली आणि संपल्यावर मनगटाच्या कोनापासून सुरुवात करून दहा मिनिटं तिला सगळं समजावलं. अगदी मनापासून! मुलगी मान डोलवत राहिली. मग हळूच डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"डॉक्टर, तुम्हीही सांगा ना."

"मला काय कळतंय? हे अकरा वर्षं करतायत."

"हो, पण तुमचं समजतं."

सेक्रेटरींच्या पोटात पुन्हा तो जुना जाळ भडकला. त्यांनी तो कसाबसा गिळला आणि वहीचं नवं पान उघडलं.

"सांगा तुम्ही," ते म्हणाले. "मी लिहून घेतो."

बाई म्हणाल्या, "डावा पाय टेकला की मग झांज. आधी नाही."

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. आणि खरी पंचाईत अशी, की त्यांनाही ते लगेच समजलं!