किटलीची पसंती

फ्लॉरेन्समध्ये अस्सल वस्तू गिऱ्हाइकाची रीतसर चौकशी करते आणि पसंत पडले तरच त्याच्याबरोबर जाते. नकली वस्तू कोणाच्याही पिशवीत उडी मारते. दुपारपर्यंत कुमुदिनीबाई टिपणीस यांना आपल्या पिशवीतून कलत्या मनोऱ्याच्या तीन प्रतिकृती काढून परत कराव्या लागल्या होत्या.

संध्याकाळी परतीचे विमान होते आणि शशिकलावन्संसाठी अजून काहीच मिळाले नव्हते. बाईंना ही सहल घडावी म्हणून त्यांच्या या नणंदबाई साताऱ्याहून येऊन ठाण्याला, अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आईपाशी राहिल्या होत्या. मागच्या सहलीहून बाईंनी त्यांना आणलेली शाल पहिल्याच धुण्यात मफलर झाली होती. निघताना वन्सं एवढेच म्हणाल्या, "या खेपेस तरी काही खरं आण हो."

लुचिया नावाच्या म्हातारीच्या दुकानात कॉफीची एक अष्टकोनी किटली गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसली होती. ते पाहून बाईंना धीर आला.

"घरी कोण कोण असतं?" किटलीने न वळता विचारले.

"तू मला नकोस, माझ्या नणंदेला हवी आहेस."

"म्हणजे मला पुढे कोणाला तरी देऊन टाकणार."

"तिच्यासाठी नेणं निराळं आणि देऊन टाकणं निराळं."

हा भेद किटलीला पटला. "मग त्यांच्याशीच बोलते. माझी बहीण एका घरी गेली, ती अजून काचेच्या कपाटात आहे. खोक्यासकट."

बाईंनी व्हिडिओ कॉल लावला. वन्संच्या हातात पेजेची वाटी होती.

"विचार म्हणावं काय ते, पण लवकर. आईची पेज निवतेय."

"शोकेस आहे?"

"आहे. त्यात औषधं असतात."

"कॉफी कोण पितं?"

बाईंनी डोळ्यांनी खुणावले. वन्संना खूण कळली, पण त्यांनी ती मानली नाही. "कोणी नाही. आम्ही चहाची माणसं. सकाळी आल्याचा, दुपारी गवती चहा घातलेला. गॅसवरून सुट्टी मिळायची नाही. काळी पडशील, आधीच सांगते."

लुचिया मटकन खाली बसली.

"रोज?" किटलीचा आवाज बारीक झाला.

"रोज. उपासालासुद्धा."

किटली हळूच वळली आणि तिने झाकण मिटून घेतले. लुचियाने डोळे टिपले. संमती मिळाली होती.

ठाण्याला बॅग उघडताच आधी चौथा मनोरा बाहेर पडला. त्याला कोणी काही विचारले नाही. औषधे थोडी सरकवून शोकेसमध्ये जागा करून दिली. मग वन्संनी किटली उचलली आणि नखाने वाजवून पाहिली. बाई उभ्याच होत्या.

"आई कुठे आहेत?" किटलीने विचारले. "आधी पाया पडते."

वन्संनी तिला पलंगापाशी नेले. किटली वाकली. म्हातारीने तिच्या झाकणावर हात ठेवला आणि तिला पाणी पाजायला सांगितले.

"खरी आहे गं, कुमुद," वन्सं म्हणाल्या आणि आले किसायला घेतले.

तेव्हा कुठे कुमुदिनीबाईंनी पायातले बूट काढले.