जादा तहानेची यादी

तहान ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असा एक गैरसमज पूर्वी आपल्याकडे प्रचलित होता. टँकर आठ दिवसांतून एकदा येऊ लागल्यावर तो आपोआप दूर झाला. आता आमच्या गावात कोणाला किती तहान लागते हे सर्वांना माहीत असते. स्वतःच्या तहानेबद्दल कोणाला शंका असल्यास ग्रामपंचायतीत जाऊन खात्री करून घेता येते.

गावाचे नाव मी लिहीत नाही. नाव लिहिले की पुढे जिल्हा लिहावा लागतो, आणि आमचा जिल्हा सध्या विचाराधीन आहे. अहमदपूरच्या एसटी स्टँडवरून दीड तास, एवढे पुरे. (एसटी वेळेवर सुटली तर. हे सवयीने लिहिले.) २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी आले आणि आमच्याकडे नवा जिल्हा होणार अशी बातमी आली. त्यामुळे गावात दोन समित्या स्थापन झाल्या: टंचाई निवारण समिती आणि जिल्हा निर्मिती कृती समिती. दोन्हींचे सदस्य अकरा, आणि तेच अकरा. एक बैठक संपली की सतरंजी न झटकता दुसरी सुरू व्हायची. दोन्हींचे अध्यक्ष गुरुपादप्पा.

मी इथल्या आरोग्य केंद्रात औषधनिर्माती आहे. औषधे देण्याची खिडकी माझ्याकडे असते.

माणशी रोज वीस लिटर हा टँकरचा सरकारी हिशेब. तो सर्वांना सारखा लागू होत नाही, हे ओळखून समितीने 'नमुना चार' तयार केला: जादा पाणी लागणारे घटक. त्यात दुभती जनावरे, बाळंतीण, लग्नघर, दोन रात्रींहून अधिक राहिलेला पाहुणा आणि शेवटी 'इतर' अशी वर्गवारी होती. हा नमुना घरोघरी फिरला. अध्यक्षांच्या स्वतःच्या घरी त्यांच्या आई नागुबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी ग्रामसेवकाला 'इतर' वर बोट ठेवायला लावले.

"धाकट्या सुनंला लिवा."

"गरवार हायत का?"

"न्हाई. गोळी खाती. रातच्याला दोन-दोन तांबे पानी पिऊन राहिली. म्हशीला तरी हट् म्हनता येतं."

ही धाकटी सून म्हणजे रत्नम्मा. ती आणि नवरा सिद्धलिंग मिळून किराणा दुकान चालवतात. मधली दोन वर्षे दुकान सिद्धलिंग एकटाच चालवत होता, कारण रत्नम्मा भिंतीकडे तोंड करून झोपून असायची. तिने कोणाला त्रास दिला नाही, त्यामुळे तो आजार आहे हे घरात कोणाच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. दिवाळीनंतर गोळी सुरू झाली. संक्रांतीला ती दुकानात येऊन बसली. फेब्रुवारीत गुळाच्या वजनावरून तिने एका गिऱ्हाइकाशी अर्धा तास भांडण केले. ती बरी झाली हे मी त्या दिवशी माझ्यापुरते मान्य केले.

या जुन्या गोळीचा (नावे मुद्दाम देत नाही, लोक लगेच मागवतात) एक उपद्रव आहे. मनासाठी ती काय करते ते समजायला महिना लागतो, पण लाळेच्या ग्रंथींना जाणारा निरोप ती पहिल्या दिवसापासून अडवते. तोंड कोरडे पडते, जीभ टाळूला चिकटते आणि माणूस पाणी मागतो. सुकाळात ही बाब औषधाच्या कागदावर बारीक अक्षरात असते. दुष्काळात ती समितीपुढे येते.

समितीने मला पत्र पाठवले: 'सदर गोळी खाणाऱ्यांची नावे, पतीचे अथवा वडिलांचे नाव व अंदाजे तहान यांसह सादर करावीत.' मी उत्तर दिले की नावे देता येत नाहीत. संख्या एकोणीस.

या आकड्याने गावात खळबळ उडाली, कारण त्या दिवसापर्यंत तो एक होता. उरलेले अठरा जण तीच गोळी मान, पाठ, अर्धशिशी आणि झोप यांसाठी घेत होते. एकजण ताकदीसाठी घेत होता. या गोळीचा दुखण्यावरही उपयोग होतो, हे शास्त्राला मान्य आहे. मात्र एवढ्याशा गावात एवढ्या माना दुखत असतील याची मला कल्पना नव्हती.

त्यानंतर आठवडाभर गावाने एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. कोणी पाणी मागितले की चौघांच्या नजरा वळत. पाहुणे दारातूनच "पानी नगं, पानी नगं" म्हणत येऊ लागले. पारावर एका गृहस्थांना चिवड्याचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आले, पण त्यांनी शेवटपर्यंत पेला मागितला नाही. समितीच्या अहवालात या आठवड्याची नोंद 'पाणीवापरात समाधानकारक घट' अशी आहे.

मग ठराव झाला. बाजारात एक नवी गोळी आहे, तिने तोंड तितके कोरडे पडत नाही. सबब एकोणीसही जणांनी एक मेपासून, म्हणजे टँकरच्या दिवसापासून, नवी गोळी घ्यावी. अठरा जण अज्ञात असल्याने ठरावाची अंमलबजावणी उपलब्ध एकावर करावी.

मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून एकदा येत. पण त्यांचे पद नव्या जिल्ह्यात वर्ग होणार असे कळल्यावर जुन्या जिल्ह्याने त्यांची गाडी बंद केली होती, आणि नव्या जिल्ह्याकडे गाडी नव्हती, कारण नवा जिल्हा नव्हता. मी फोन केला. ते म्हणाले, तिची तयारी असेल तर बदलता येईल, पण चार आठवडे लागतील. जुनी पायरीपायरीने उतरवायची, नवी थोडीथोडी चढवायची, मधले काही दिवस दोन्ही चालवायच्या. जुनी एका दिवसात तोडली तर मळमळ, घाम, वाईट स्वप्ने, आणि नवी लागू पडेपर्यंत भिंत पुन्हा आहेच.

मी चार आठवड्यांचा तक्ता काढून बैठकीला नेला. गुरुपादप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"बाई, चार हप्ते कामून? ब्याऐंशी साली आमी राती झोपलाव उस्मानाबादेत आन सकाळी उठलाव लातुरात. आख्खा तालुका एका रातीत बदलला. कुनाला मळमळ झाली?"

सदस्यांनी माना हलवल्या. (ज्यांच्या दुखत होत्या त्यांनीही.) युक्तिवाद बिनतोड होता. गुरुपादप्पांच्या शेताचा जुना नकाशा चौतीस वर्षे उस्मानाबादच्या कचेरीत आहे आणि तो आणायला ते वर्षातून दोनदा जातात, हे मी सांगून पाहिले. तो वेगळा विषय असल्याचे मला कळवण्यात आले.

"आठ दिवस देतो," ते म्हणाले. "एक टँकर. काय रे सिद्धलिंगा?"

दाराशी बसलेला सिद्धलिंग चपलेकडे पाहत म्हणाला, "दादा म्हनतेल तसं."

तेवढ्यात रत्नम्मा आत आली. कमरेवर कळशी, हातात तांब्या. डोक्यावरचा पदर नीट होता.

"माजं जादाचं पानी हाय हे, आठ दिसाचं," ती म्हणाली. "समितीलाच द्यावं म्हनलं. उन्हाचं दोन घंटे बसून हाव तुमी."

बाहेर त्रेचाळीस अंश होते. तिने तांब्या भरून पहिल्यापुढे धरला. त्याने शेजाऱ्याकडे पाहिले, शेजाऱ्याने छताकडे. पण नाही म्हणणेही तेवढेच संशयास्पद ठरले असते, त्यामुळे तो प्यायला. मग सगळेच प्यायले. पाच जणांनी एकेक तांब्या पिऊन मिशा पुसल्या. सहा जणांनी तांब्या रिकामा केला आणि कळशीकडे पाहिले. ते सहा कोण, हे मला माहीत होते. आता रत्नम्मालाही कळले. वीस वर्षे तराजूमागे बसलेल्या बाईला माप नजरेनेच समजते.

ती त्या सहाही जणांना पुन्हा एकदा वाढून गुरुपादप्पांपुढे तिसरा तांब्या घेऊन उभी राहिली.

"घ्या भावजी. मान लई दुकत असंल."

गुरुपादप्पांनी तांब्या घेतला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि ठराव सांगायला सुरुवात केली. सदर बदल वैद्यकीय तक्त्याप्रमाणे चार आठवड्यांत व रुग्णाच्या इच्छेनेच करावा. त्यास लागणारे जादा पाणी 'समितीचे चहापाणी' या शीर्षाखाली मंजूर. 'नमुना चार' मधील 'इतर' हा प्रकार रद्द. ठराव एकमताने संमत झाला. एवढे एकमत नव्या जिल्ह्याच्या मुख्यालयावरही झाले नव्हते.

रत्नम्माने बदल करायचे ठरवले. रात्रीचे दोन तांबे तिलाही नको झाले होते. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्यात ती तीन दिवस दुकानात आली नाही. चौथ्या दिवशी नागुबाई भर उन्हात खिडकीपाशी आल्या. हातात छत्री होती, पण ती उघडायची राहून गेली होती.

"बाई, ती पानीच मागंना. उशाला ठिवलेला तांब्या तसाच हाय सकाळी." मग जरा थांबून म्हणाल्या, "म्या लिवलेलं खोडा म्हनावं तेनला. तिला पिऊ द्या, बाई."

मी ग्रामपंचायतीला तसे कळवले. नोंद खोडण्यासाठी विहित नमुना नाही, असे उत्तर आले. डॉक्टरांनी फोनवर दुसऱ्या आठवड्याची पायरी आणखी आठ दिवस लांबवली. चारचे पाच आठवडे झाले. पाचव्या आठवड्यात रत्नम्माने साखरेच्या वजनावरून ग्रामसेवकाशी भांडण केले. मी तक्ता फाइलला लावला.

त्यानंतर खिडकीवर एक नवाच प्रकार सुरू झाला. दुपारी एकच्या सुमारास, इतर लोक गेल्यावर, कोणीतरी येते आणि दुसरीकडे पाहत नवी गोळी मागते. मानेसाठी. नवी गोळी मानेवर चालत नाही, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते.

प्रत्येकजण म्हणतो, चालंल.

मी त्यांना डॉक्टरांचा नंबर आणि तक्त्याची प्रत देते. नवा जिल्हा अजून झालेला नाही, पण बदलाची तयारी असावी.

हे वाचताना त्या अकरांपैकी सहा कोण, याचा अंदाज तुम्ही मनात बांधलाच असेल. समितीनेही एकोणीस जणांचा असाच बांधला होता. शिवाय कोरड्या तोंडाबद्दल एवढे वाचून तुम्ही निदान एकदा ओठांवरून जीभ फिरवली आहे. संकोच नको. खिडकी नऊ ते एक उघडी असते. कोणी कारण विचारले तर मान सांगा.