पंगतीचं वरचं टोक

मंडळाच्या वार्षिक पंगतीत होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वरच्या टोकाकडून वाढत आणतात आणि ती खालच्या टोकाला पोचायच्या आत संपते. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. निदान वरच्या टोकाला तरी नव्हती. तिथलं पहिलं पान भगवंतरावांचं. लवकर येऊन त्यांनी ते स्वकष्टाने मिळवलेलं होतं. त्यांचं घर जयनगरात सभागृहाच्या अगदी समोर होतं, हा भाग वेगळा.

एका वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या, येलहंक्याच्या विठोजीने घोळ घातला. बिचारा उजाडताच निघून वाटेत हेब्बाळच्या गर्दीत अडकला होता. खालच्या टोकाला नुसता सार-भात कालवत म्हणाला, "अण्णा, वरच्यांनी एकेक होळिगे खाली पाठवली तर?"

भगवंतरावांना ठसकाच लागला. "का म्हणून? तुम्ही झोपा काढायच्या आणि आमच्या मेहनतीचं आम्ही वाटायचं? वा, बरोबर! सरीच आहे की!"

मंडळाने तात्काळ 'न्यायबुद्धी चौकशी उपसमिती' नेमली. समितीने प्रत्येकाला विचारलं, लवकर येणं हे कर्तृत्व की नशीब? जिथवर होळिगे पोचली होती, तिथवर सर्वांच्या मते ते कर्तृत्व होतं. तिथून पुढे सगळे नशीब म्हणाले. मधल्या एका गृहस्थांना अर्धीच मिळाली होती. ते तटस्थ राहिले. समितीचे सदस्य वरच्या टोकालाच बसत असल्यामुळे निकाल एकमताने कर्तृत्वाच्या बाजूने लागला. विठोजीच्या समाधानासाठी भगवंतरावांनी 'लवकर उठण्याचे लाभ' या विषयावर व्याख्यानही दिलं.

पुढच्या वर्षी सभागृहाची दुरुस्ती निघाली आणि पंगत येलहंक्याला, विठोजीच्या घराशेजारीच ठरली. भगवंतराव पत्नी अंबुबाईंसह अंधारात निघाले, हेब्बाळला अडकले आणि पोचले तेव्हा शेवटची दोनच पानं उरली होती. सार-भात कालवताना त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. पहिल्या पानावर विठोजी होळिगेवर तूप ओतून घेत होता.

"विठोजी, रस्ता तुंबला यात माझा काय दोष रे? सगळा नशिबाचा खेळ! स्वल्प, थोडं तरी न्यायाने वागा, एकेक खाली पाठवा."

"अण्णा, तुमच्या व्याख्यानाने डोळे उघडले बघा," विठोजी बोटं चाटत म्हणाला. "मी आता लवकर उठतो."

"हा न्याय गेल्या वर्षी कुठे होता हो?" अंबुबाईंनी विचारलं.

"गेल्या वर्षी माझं पोट भरलेलं होतं," भगवंतराव चिडून म्हणाले.

आता न्याय नेमका कुणाच्या बाजूने, असं तुम्ही मला विचारणार. सांगतो की! फक्त आधी एवढं कळू द्या, तुमच्या पानात होळिगे पडली आहे ना?