मॅलकी फोलनबद्दल दोन चांगले शब्द

शनिवारी दुपारी साडेचार वाजता आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात फिन्टन टुहीने एका अनोळखी मृताच्या भावाचा हात हातात घेतला आणि तो म्हणाला, "फार वाईट झालं."

त्याचा दोष एवढाच, की त्याला कोरडं राहायचं होतं. डब्लिनला शिकणारा फिन्टन शनिवार-रविवार गाठून आला होता तो त्याच्या मैत्रिणीच्या, दर्वलाच्या आईला भेटायला. नोरीनबाईंनी लेकीचे आधीचे दोन मित्र चहाच्या पहिल्याच कपात निकालात काढले होते. दोघेही थापाडे निघाले. "मी थापा मारतच नाही, मला कसली भीती?" असं फिन्टनने दर्वलाला बसमधूनच कळवलं होतं.

चहा सहाला होता. पण समुद्रावरून आडव्या येणाऱ्या पावसाने त्याची छत्री उलटी केली आणि तो दिसेल त्या दारात शिरला. दारात रांग होती. मागून माणसं आली, रांग पुढे सरकली आणि शवपेटी दिसली तेव्हा उशीर झाला होता. मयताच्या रांगेतून पाठ फिरवून जायचं, हे काही त्याला आईने शिकवलं नव्हतं.

"मॅलकीला कसा ओळखायचास, बाळा?" मृताचा भाऊ कोलमन म्हणाला. हात त्याने सोडला नव्हता.

कुठल्याही मेलेल्या माणसाला चालेल असं वाक्य फिन्टनने निवडलं. "माझ्याशी फार चांगले वागले ते."

रांगेतल्या माना वळल्या.

"अ‍ॅग्नेस," कोलमनने बहिणीला हाक मारली, "मॅलकी याच्याशी चांगला वागला म्हणतो."

"कोण? आपला मॅलकी?"

मॅलकी फोलनने एकदा टपालवाल्यावर कुत्रं सोडलं होतं आणि ते कुत्रंच लाजून परत आलं होतं. तो कुणाशी चांगलं वागल्याची ही पहिलीच खबर. अ‍ॅग्नेसबाईंनी फिन्टनला निरखलं. त्याच्या केसांतलं पावसाचं पाणी गालांवरून ओघळत होतं.

"रडतोय रे पोर. आपल्यातलं कुणी रडलं नाही. ये, इथे बस. घरच्यांत."

घरच्यांत बसलं की येणारा प्रत्येक जण हात मिळवतो. अर्ध्या गॉलवेने फिन्टनचं सांत्वन केलं. मग रांगेत दर्वला दिसली आणि तिच्या पुढे तिची आई. शेजारी गेला म्हटल्यावर यायलाच हवं, मग वीस वर्षं बोलणं बंद का असेना.

"फार वाईट झालं," नोरीनबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या. मग त्यांनी लेकीने दाखवलेल्या फोटोतला चेहरा ओळखला. "तू फिन्टन ना? तू इथे कुणाचा कोण?"

फिन्टनने तोंड उघडायच्या आत अ‍ॅग्नेसबाई बोलल्या, "मॅलकीने याचं फार केलं गं, नोरीन. उद्या चर्चमध्ये मॅलकीबद्दल दोन शब्द हाच बोलणार आहे. आम्हाला कुणाला काही सुचतच नव्हतं."

फिन्टनलाही हे आत्ताच कळत होतं.

"तुला फक्त सहापर्यंत कुठेतरी उभं राहायचं होतं, तेवढंही जमलं नाही?" दर्वला पुटपुटली.

"काकू, मी सांगतो..."

"मयतासमोर नको," नोरीनबाईंनी त्याला अडवलं. "वीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी काढली मी. एक तर तू थापाड्या आहेस, नाहीतर मीच त्याला ओळखलं नाही. उद्या ऐकते, मग बघू."

चहा रद्द झाला. संध्याकाळभर फिन्टन मॅलकीबद्दल एखादी तरी खरी आणि चांगली गोष्ट शोधत गल्लीभर फिरला. लोकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "फाटक लावून घ्यायचा," एवढं एक हाती लागलं.

शेवटची माहिती अशी: रविवारी सकाळी चर्च भरलं आहे. पहिल्या बाकावर अ‍ॅग्नेसबाईंनी इस्त्रीचा रुमाल उघडून मांडीवर ठेवला आहे. त्यांच्या मागच्याच बाकावर नोरीनबाई हाताची घडी घालून बसल्या आहेत. बाहेर पाऊस थांबल्यामुळे आता आत शब्द न् शब्द ऐकू येतो. फिन्टनने घसा खाकरला आहे.