आखूड दस्ता

भानुदासनाना नसते तर माझ्या हाती रायफल टिकली नसती, हे आधी सांगतो. मग बाकीचं.

नाना कुणाकडे कशाचंच टोक करत नाहीत. छत्रीचं नाही, उसाचं नाही, स्वतःच्या बोटाचंही नाही. पत्ता विचारला तर हनुवटीनं दाखवतात. एकदा पंगतीत वाढप्यानं समोर पळी धरली, तर हे ओरडले, "नळी खाली! आदी नळी खाली!" वाढपी दचकला. आमटी नानांच्या धोतरावर. "हरकत न्हाई," म्हणाले, "खालीच गेली."

नाना मूळचे नांदूरघाटचे, घरी मेंढरं. स्वतः एसटीचे रिटायर ड्रायव्हर. बीडला आमच्या बेकरीमागच्या शेडमध्ये नेमबाजीचा क्लब आहे, तिथं ते रोज; बंदुकीची नळी माणसाकडे धरायची नाही, हा तिथला पहिला धडा. मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सुटली, भट्टीवर काम मिळालं म्हणून इतक्या लांब आलो. शेडमध्ये पाव पोचवता पोचवता छऱ्याच्या रायफलीचा नाद लागला. पण जिल्ह्याच्या निवडीत नाव आलं नाही तर नवं पोर क्लबातून बाहेर, असा नियम. आणि या गावात भट्टी सोडली तर माझी तेवढीच जागा.

क्लबची रायफल मला लांब पडायची. म्हणून नाना दुकानात घेऊन गेले. मी दुर्बीणवाली काळी रायफल उचलली.

"हीच कावून?"

"भारी दिसते."

"शिंगं बघून बकरी घेतो का बे? निवडीत दुर्बीण चालत न्हाई. भिंतीकडं तोंड कर. डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड. नेम कुठं हाय?"

"पंख्यावर."

दुसरी घेतली, नेम छतावर. तिसरीचा कॅलेंडरातल्या देवावर.

"चल," नाना म्हणाले, "देव घायाळ व्हायच्या आत निघू. तुझे हातच आखूड. देवानं कापड वाचवलंय."

घरी नेऊन त्यांनी स्वतःची रायफल काढली. दस्ता, म्हणजे खांद्याला लागतो तो लाकडी भाग, माझ्या कोपराच्या घडीत टेकवला. बोट घोड्यापर्यंत पोचेना. त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली आणि करवत घेतली.

"नाना, नको! कापलेलं लाकूड परत जुळत नाही."

"गप. हात हलवू नको, माप चुकंल."

भुसा पडत राहिला. माझ्यानं बघवेना. मग घोंगडीचा तुकडा कापून त्यांनी गाल टेकायच्या जागी चिकटवला. "लाकूड बोचलं की माणूस घाईनं घोडा दाबतो. मीट डोळे."

उघडले, तर नेम सरळ समोरच्या भिंतीवर.

सवयीनं नानांनी ती स्वतःच्या खांद्याला लावली. लांब हात अवघडून दुमडला, अंगठा नाकावर आपटला. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

"आता तुम्ही कशानं खेळणार?"

"माझा नेम लागतोय कुठं? मान्सं भेटत्यात म्हणून येतो मी." ते दस्त्यावरचा भुसा फुंकत राहिले. "तुला काढलं तर शेडात बोलू कुणाशी?"

निवडीत माझं नाव आलं. सगळ्यात खाली, पण आलं.

एक दिवस नानांच्या मापाची रायफल करून देणार, हे नक्की. त्यांच्या हाताचं माप घेऊन ठेवलंय. ते पेपर वाचत होते, त्यांना कळलंसुद्धा नाही.