दाणेबंदीचा यशस्वी प्रयोग

मुलांच्या जिवापेक्षा मोठे या जगात काही नाही, याबद्दल कुणाचेही दुमत नसते; आणि ज्याबद्दल कुणाचेच दुमत नाही, त्यासाठी समिती नेमावीच लागते. एरवी दुमत येणार कुठून?

दिवसातून एकदा तरी कुणाबद्दल चांगले बोलायचे, असा माझा फार वर्षांचा नेम आहे. (काही दिवशी तो पाळणे जड जाते. अशा दिवशी मी हवेबद्दल चांगले बोलते.) आज आमच्या शाळेच्या आहार सुरक्षा समितीची पाळी आहे. मी स्वतः त्या समितीवर पालक प्रतिनिधी आहे. माझा आवाज फारसा ऐकू जात नसल्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली.

विषय साधा होता. तिसरीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी. अंगावर थोडे पुरळ उठून दुसऱ्या दिवशी जाणारी नव्हे. कण पोटात गेला तरी घसा सुजून श्वास कोंडणारी. तिची आई शिवणकाम करते. शाळेच्या पहिल्याच दिवशी ती मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आली, पिशवीतून जाड पेनासारखे दिसणारे एक इंजेक्शन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "बाई, श्वास अडकतोय असं वाटलं की हे टोचायचं. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, कपड्यावरून चालतं, आणि दहा मोजेपर्यंत तसंच धरायचं. मग दवाखान्यात. वर्गाच्या बाईंना शिकवते आणि अजून एकाला कुणाला तरी. दोन मिनिटांचं काम आहे. हे वर्गातच ठेवा. आणि डबा खाल्ल्यावर पोरांनी हात धुतले की झालं. माझं एवढंच."

"एवढंच?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. त्यांचा हिरमोड झालेला स्पष्ट दिसत होता.

त्यांचेही बरोबरच होते. जे काम दोन मिनिटांत होते, त्याची बैठक बोलावता येत नाही. एवढ्या मोठ्या संस्थेने एवढ्याशा मागणीवर थांबणे म्हणजे त्या मुलीच्या जिवाची किंमत कमी लेखण्यासारखेच होते. म्हणून इंजेक्शन "सुरक्षित ताब्यात" घेऊन खोलीतल्या काचेच्या कपाटात, धावण्याच्या शर्यतीच्या करंडकाशेजारी ठेवण्यात आले, कपाटाला कुलूप लावण्यात आले, आणि त्याच दुपारी समिती स्थापन झाली.

समितीचे अध्यक्ष फरशीवाले. त्यांचा फरशीचा धंदा आहे आणि शाळेची सगळी फरशी त्यांनी दिलेली आहे. त्यामुळे त्यांच्या विरोधात उभे राहायचे म्हटले तरी त्यांच्याच फरशीवर उभे राहावे लागते. बंदीच्या बाजूने एक दंतवैद्य होते. बंदीच्या विरोधात एक वकीलबाई होत्या. त्यांचा मुलगा ब्रेड आणि पीनट बटर सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. मुख्याध्यापिकाबाई आणि खेळाचे सर दोन्ही बाजूंनी होते. मुलीच्या आईला "विशेष निमंत्रित" असा मान देण्यात आला. (विशेष निमंत्रितांना बसता येते, चहा घेता येतो. बोलण्याची तरतूद नाही.)

पहिली बैठक फार उद्बोधक झाली.

"एका दाण्यानं जीव जाऊ शकतो, एका!" दंतवैद्य म्हणाले. त्यांना समोरच्याचे तोंड उघडे असताना बोलायची सवय असल्यामुळे ते उत्तराची वाट बघत नाहीत.

"आणि माझा मुलगा उपाशी राहिला त्याचं काय? तो दुसरं काही खातच नाही हो," वकीलबाई म्हणाल्या.

"परवा आमच्याकडे वाढदिवसाला चार तुकडे केक खाल्ला त्यानं," दंतवैद्य म्हणाले.

"तो लोकांच्या घरी खातो. घरी खात नाही."

मुलीच्या आईने हात वर केला. "मी काय म्हणते, बंदी नसली तरी चालेल. फक्त ते इंजेक्शन..."

"ताई," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "तुमच्याच मुलीच्या भल्याचं चाललंय ना? मग मध्ये बोलू नका."

लोकशाहीला धरून पालकांचे मत मागवण्यात आले. बासष्ट टक्के पालक बंदीच्या बाजूने निघाले आणि बासष्ट टक्के विरोधात. (बेरीज जास्त होते, हे एका पालकाने लक्षात आणून दिले. पालकांचा उत्साहच शंभर टक्क्यांहून जास्त असल्याचे त्याला कळवण्यात आले.) उरलेल्यांनी शाळेची बस उशिरा येते, असे लिहिले होते.

अखेर बंदी मंजूर झाली आणि मग समितीच्या कामाला खरा वेग आला. शेंगदाण्याला बंदी, तर अंड्याने काय पुण्य केले आहे? अंडे गेले. दूध गेले, मासे गेले, तीळ गेले. गव्हाने एका मुलाचे पोट फुगते म्हणून गहू गेला. एका वडिलांनी, आपल्या मुलाला भोपळा बघूनच कसेतरी होते, असे कळकळीचे पत्र पाठवले. ती ॲलर्जी नव्हे, असे दंतवैद्यांनी सांगून बघितले. "म्हणजे ज्याचा घसा सुजतो तोच तेवढा मुलगा, आणि ज्याचं मन सुजतं तो कुणीच नाही?" असे त्या वडिलांनी विचारल्यावर भोपळाही गेला. शेवटी काकडी, सोललेले सफरचंद आणि पाणी एवढे मान्यताप्राप्त राहिले. पाणी उकळलेले असावे की गाळलेले, हा मुद्दा उपसमितीकडे आहे.

अंमलबजावणी खेळाच्या सरांकडे आली. रोज सकाळी फाटकात उभे राहून ते एकेका डब्याचे झाकण उघडून वास घेत. सगळी शाळा हुंगून होईपर्यंत मधली सुट्टी व्हायची, त्यामुळे खेळाचा तास बंद पडला. पण मुलांच्या तब्येतीपुढे खेळ काय मोठा? महिनाभरात कोणाच्या घरी फोडणी जळते आणि कोणाच्या घरी काल रात्रीचेच शिळे गरम करतात, हे सरांना नाकाने कळू लागले. त्यांनी हे ज्ञान एकदा आपल्या घरी जेवताना वापरले. तेव्हापासून सर दुपारी काकडी खातात.

बंदीचा मुलांवर झालेला परिणाम तर डोळ्यात पाणी आणणारा आहे. पूर्वी तिसरीच्या वर्गात दाणे आणणारी मुले मोजकीच. ती खिडकीकडे बसत, खात, नळावर एकमेकांच्या अंगावर पाणी उडवून हात धूत. त्या मुलीला ती सगळी माहीत होती. म्हणून ती स्वतः भिंतीकडे बसे. एरवी कुणाला दाण्यांचे कौतुक नव्हते. बंदी आली आणि ज्यांनी आयुष्यभर दाणे ताटाच्या कडेला काढून ठेवले, त्यांनाही ते हवेसे झाले. दाणे मोज्यांतून येऊ लागले, कंपासपेटीतून येऊ लागले, एका कल्पक मुलाच्या बाबतीत टोपीच्या अस्तरातून. एका भाजक्या दाण्याला दोन खोडरबर असा भाव फुटला. ज्या वर्गाला गुणाकार येत नव्हता, त्याला नफा-तोटा येऊ लागला.

हे सरांच्या लक्षात आले नसते तरच नवल. त्यांनी विचार केला: जो दाणे खातो, तोच हात धुतो. म्हणजे जो हात धुतो, तो दाणे खातो! त्या दिवसापासून नळावर जो हात धुताना दिसेल, त्याच्या दप्तराची झडती घेऊन ते रिकामे करायचे, असा नियम झाला. पहिल्या दोन दिवसांत चांगला माल सापडला. मग नळावर कुणी फिरकेना. नळाखालची फरशी कोरडी ठणठणीत राहू लागली, आणि बंदी पूर्ण यशस्वी झाल्याचा हा पुरावा म्हणून तिचा फोटो शाळेच्या अहवालात छापण्यात आला. (फरशी अध्यक्षांची. फोटो फार सुंदर आला आहे.)

जप्त केलेले दाणे टाकून देता येत नव्हते, पुरावा होता. ते बरण्यांत भरून मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, इंजेक्शनच्या पुढे रचून ठेवण्यात आले. वकीलबाईंनी पुराव्यात फेरफार होण्याची शंका काढली, म्हणून कपाटाला दुसरे कुलूप लागले. एक किल्ली मुख्याध्यापिकाबाईंकडे, दुसरी अध्यक्षांकडे. याला म्हणतात पारदर्शकता. काचेतून सगळे दिसतच होते.

प्रयोगाचा आढावा घेण्यासाठी परवा त्याच खोलीत बैठक झाली. शेंगदाणा हे कवचाचे फळ की कडधान्य, यावर वकीलबाई आणि दंतवैद्य पोटतिडकीने बोलत होते. मागच्या बैठकीत कुणीतरी बसबद्दल विचारायला आत शिरले होते, म्हणून दाराला आतून कडी होती. मुलीची आई माझ्या शेजारी बसून एका फ्रॉकला हेम घालत होती. विशेष निमंत्रितांना शिवायला मनाई नाही.

तेव्हा तिसरीच्या वर्गात मधली सुट्टी चालू होती. मुलीच्या जिवलग मैत्रिणीने आपल्या डब्यातली सोललेल्या सफरचंदाची फोड प्रेमाने तिच्या तोंडात भरवली. फोड नियमात बसणारी होती. हात धुतलेले नव्हते.

दार धडाधडा वाजले.

"मतदान चालू आहे!" अध्यक्ष म्हणाले.

"बाई, किल्ली! कपाटाची किल्ली द्या!" वर्गाच्या बाईंचा आवाज फाटला होता. "तिला श्वास घेता येत नाहीये!"

मुख्याध्यापिकाबाईंनी कमरेची किल्ली चटकन काढली. त्यांच्या तत्परतेला तोड नाही. एक कुलूप निघाले. मग सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितले, आणि अध्यक्षांनी आधी वरच्या खिशात, मग खालच्या खिशात बघितले.

"गाडीत राहिली वाटतं," ते म्हणाले. "ड्रायव्हर पेट्रोल भरायला गेलाय. येईलच."

"तोवर ठराव तरी..." वकीलबाई म्हणाल्या, पण पुढचे कुणाला ऐकू आले नाही. मुलीच्या आईने टेबलावरची अध्यक्षांच्या पदाची पितळी पाटी उचलली होती आणि कपाटावर घातली होती.

"अहो ताई! काच! काच!"

काच फुटली, बरण्या खाली आल्या, आणि दाणे चारी बाजूंना घरंगळत गेले. आमच्या शाळेत एकाच वेळी इतके शेंगदाणे बंदीपूर्वी कधीही आढळले नव्हते. इंजेक्शन उचलून, दाणे तुडवत तिने दाराची कडी काढली.

बाहेर वर्गाच्या बाई मुलीला कवेत घेऊन फरशीवर बसल्या होत्या. मुलीचे ओठ सुजले होते, श्वासाची शिट्टी वाजत होती आणि मधूनच ती शिट्टीही थांबत होती. आईने गुडघे टेकले, टोपण दातांनी काढले आणि जे करायचे ते केले. तिचे ओठ हलत होते. मला वाटले देवाचे नाव घेते आहे. मीही हात जोडले. जवळ गेले तेव्हा कळले, ती आकडे मोजत होती.

अध्यक्षांची गाडी येईपर्यंत त्या मुलीचा श्वास हळूहळू मोकळा झाला. डोळे उघडून ती पहिल्यांदा बोलली ती एवढेच. "आई, फ्रॉकला भोक पडलं का गं?"

"पडू दे. मी शिवते," आई म्हणाली. तिच्या हाताला काच लागून रक्त येत होते. ते तिला दवाखान्यात गेल्यावर दिसले.

दोघी गेल्यावर समितीने बैठक तहकूब केली नाही, याबद्दल तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. विशेष निमंत्रितांची खुर्ची रिकामी असल्यामुळे कामकाज फार सुरळीत झाले. दाण्यांवर पाय न देता सगळे आपापल्या जागी बसले आणि प्रथमच दोन्ही गटांचे एकमत झाले. संबंधित विद्यार्थिनीच्या सुरक्षिततेसाठी तिने घरी बसून अभ्यास करावा, असे ठरले. ती शाळेत नसल्याने बंदीची गरज उरत नाही, म्हणून बंदी उठली, वकीलबाई खूश. शाळा आता पूर्ण ॲलर्जीमुक्त आहे, तसा फलक फाटकावर लागणार आहे, दंतवैद्य खूश. कपाटाला न फुटणारी काच बसवायची आहे. वापरून झालेले इंजेक्शन शाळेच्या यशाची आठवण म्हणून करंडकाशेजारी राहील. सगळे ठराव एकमताने. एकमतात माझेही मत आले. माझा आवाज ऐकू गेला नसेल तर तो दोष आवाजाचा.

आजचा नेम असा पुरा झाला.

आता वाचता वाचता, बंदी हवी होती की नको, याबद्दल तुमचेही ठाम मत झालेच असेल. ते जरूर कळवा. समितीत चांगल्या माणसांना नेहमीच जागा असते. फक्त त्याआधी एक सांगाल का? ते इंजेक्शन टोचल्यावर किती मोजेपर्यंत धरायचे, हे तिच्या आईने तुमच्यादेखतच सांगितले होते. वर जाऊन बघू नका. दार वाजते आहे.